भाकड आणि वांझ

दिवाळीची पहिली पणती आमच्याकडे गोठ्यात लागते. वसुबारसेच्या संध्याकाळी गायीच्या पायांवर पाणी घालावे, तिच्या कपाळी हळदकुंकू लावावे, पुढे घास ठेवावा आणि वासराच्याही कपाळाला कुंकवाचे बोट टेकावे, अशी रीत. त्या दिवशी घरातल्या बायका गहू-मूग खात नाहीत, दूध घेत नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी एवढ्यावर भागवितात. पूजा गायीची खरी, पण कोणत्याही गायीची नव्हे. पूजा सवत्स धेनूची. जिच्या पाठीशी वासरू नाही ती गाय दोन हातांवर, त्याच दावणीला बांधलेली असते. आणि ताटातले निरांजन तिच्यापर्यंत पोचत नाही. लहानपणापासून मी हे पाहत आलो. त्यात खटकण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटले नव्हते. वाटले ते चार वर्षांपूर्वीच्या वसुबारसेला, आणि तेही आत्याच्या एका प्रश्नामुळे.

त्या वर्षी ज्येष्ठात मी आमची चांदणी विकली होती. काळी-पांढरी संकरित गाय. कपाळावर चांदणीसारखा ठिपका, म्हणून आत्याने ठेवलेले नाव. तिसऱ्या वेताला आठ महिने उलटले तरी ती माजावर आली नव्हती. दूध आटत आटत बंद झाले होते. उन्हाळाही वाईट गेला होता. विहिरीने तळ गाठला होता आणि उसाच्या वाढ्यांवर जनावरांचे दिवस चालले होते. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खांद्यापर्यंत मोजा चढविला, गुदमार्गातून हात घालून बराच वेळ चाचपून पाहिले, आणि हात धुता धुता म्हणाले, "गुरुजी, उजव्या बीजांडकोशावर एक पुटिका लागतेय. पण ती चढती आहे की उतरती, हे आज सांगता यायचं नाही. दहा-अकरा दिवसांनी येऊन पुन्हा बघतो. तोवर हिची पेंड जरा वाढवा."

दहा-अकरा दिवस! मुलाच्या कॉलेजचे पैसे भरण्याची मुदत आठवड्यावर आली होती. कडब्याचा भाव मी मनातल्या मनात मांडला आणि म्हणालो, "डॉक्टर, वांझ गाय किती दिवस पोसायची?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. ओट्यावर आत्या सुपात बाजरी पाखडीत होती. ते सूप थांबले, एवढे मला ऐकू आले. मग ते पुन्हा चालू झाले. पुढच्या बाजाराला चांदणी बेल्ह्याला गेली. तेथून ती कोठे गेली, ते मला ठाऊक नाही.

वसुबारसेला पूजा आटोपल्यावर आत्या निरांजन हातात घेऊन त्या रिकाम्या दावणीपाशी जरा थांबली आणि सहज विचारावे तसे म्हणाली, "डॉक्टर पुन्हा बघायला येतो म्हणाला होता ना रे?"

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. सणाच्या दिवसांत घरातली लहानथोर मंडळी ज्या अंकावर झडप घालतात, त्यात गायीच्या बीजांडकोशाची चर्चा करणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या दूधदुभत्यावर फराळाची ताटे उभी असतात, त्याचे मूळ तेथेच आहे. आणि मला पडलेला प्रश्न केवळ गायीचा नाही. एखाद्या जिवाबद्दल 'हा संपला' असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा पोचतो, असा तो प्रश्न आहे.

दिवाळीची सुट्टी होती. मी डॉक्टरांकडे गेलो आणि 'चढती' व 'उतरती' म्हणजे काय, ते समजावून द्या म्हटले. हे डॉक्टर जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन्ही तालुक्यांत फिरतात. नारायणगावच्या बाजूचे उसातले, पाण्यावरचे गोठे त्यांना ठाऊक आहेत आणि घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात चरणारी डांगी जनावरेही. ते शिकवायला बसले तसा मी विद्यार्थी झालो.

गायीचा बीजांडकोश साधारण आवळ्याएवढा. त्यात बीजपुटिका असतात. प्रत्येक पुटिकेत एक बीज. आश्चर्य असे, की हा सारा साठा कालवड जन्माला येण्यापूर्वीच तयार होतो. ती आईच्या पोटात असतानाच बीजांची संख्या वीस लाखांच्या वर जाते आणि जन्मापर्यंत ती घसरून लाखाच्या आसपास येते. यातही एका कालवडीत आणि दुसरीत फार मोठा फरक असतो. आता हिशेब करा. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि दर माजाला बहुधा एकच बीज सुटते. तिला उभ्या आयुष्यात दहा-बारा वासरे झाली तर शेतकरी तिला लक्ष्मी म्हणतो. लाखांतून दहा-बारा! बाकीच्या पुटिकांचे काय होते? त्या जिरून जातात. शंभरांतल्या नव्याण्णवांहून अधिक पुटिकांचे भवितव्य हेच.

हे जिरणेही रोज चाललेले असते. एकवीस दिवसांच्या एका फेऱ्यात बीजांडकोशावर पुटिकांच्या दोन किंवा तीन लाटा उठतात. प्रत्येक लाटेत चार-पाच मिलिमीटरच्या अनेक पुटिका बरोबरीने वाढू लागतात. दोन-तीन दिवसांनी, सुमारे साडेआठ मिलिमीटरला पोचल्यावर, त्यांतली एक पुढे सरते आणि ज्या रसावर सगळ्या वाढत असतात तो रस रक्तात कमी होईल असे करते. तेवढ्या थोड्या रसावर ती स्वतः तगते, बाकीच्या सुकतात. ही थोरली पुटिका वाढून नारायणगावच्या द्राक्षाच्या मण्याएवढी होते. पण तीही फुटेलच असे नाही. मागच्या माजानंतर बीजांडकोशावर जो पीतपिंड तयार झालेला असतो तो शाबूत असला, तर त्याचा रस तिला फुटू देत नाही. मग ही धडधाकट, राणीसारखी वाढलेली पुटिकाही जिरते आणि नवी लाट उठते. पीतपिंड ज्या वेळी ओसरतो, त्या वेळी जी थोरली असेल तिचे बीज सुटते.

"म्हणजे पहिल्या लाटेतली पुटिका सदोष नव्हती?" मी विचारले.

"मुळीच नाही. त्याच वेळी इंजेक्शन देऊन पीतपिंड घालवला, तर तीच पुटिका फुटते आणि तिच्यातूनच वासरू होतं. दोष नव्हता, गुरुजी. वेळ नव्हती."

या जिरण्याला शास्त्रात 'अट्रेशिया' म्हणतात. आपण त्याचे भाषांतर ऱ्हास किंवा अपकर्ष असे करतो आणि त्या शब्दांना लगेच सडण्याचा वास येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र निराळा आहे: 'ज्याला छिद्र पडले नाही ते', म्हणजे न उघडलेले. ज्यांनी हे नाव दिले, त्यांनी त्या पुटिकेला नासकी म्हटले नाही. तिला वाट मिळाली नाही, एवढेच म्हटले.

चांदणीच्या बीजांडकोशावर डॉक्टरांच्या बोटांना जी लागली, ती अशीच एक पुटिका होती. पाण्याने भरलेला फुगवटा. चढत्या पुटिकेचा फुगवटा आणि उतरतीचा फुगवटा यांत बोटांना फरक कळत नाही. सोनोग्राफीच्या यंत्रावरही दोन्ही काळ्या वर्तुळासारख्याच दिसतात. दहा मिलिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. मग नक्की कळते कशावरून? पुटिकेचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी मरू लागल्या आहेत की काय ते दिसते. तिच्यातले पाणी काढून तपासले, तर माजाचा रस जास्त आहे की कमी ते मोजता येते. जास्त असला तर पुटिका निरोगी. हे निदान पक्के. पण छेद घ्यायचा तर बीजांडकोश गायीच्या बाहेर काढावा लागतो. असे पुष्कळसे ज्ञान परदेशांतल्या कत्तलखान्यांतून आणलेल्या बीजांडकोशांवरच उभे राहिले आहे.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. एका नजरेत पक्का निकाल हवा असेल, तर गाय मेलेली पाहिजे. गाय जिवंत हवी असेल, तर निकालासाठी पुन्हा यावे लागते. आज दहा मिलिमीटरची असलेली पुटिका परवा बाराची झाली तर ती चढती, आठाची झाली तर उतरती. दहा-अकरा दिवसांनी पीतपिंड हाताला लागला, तर आत फेरा चालू आहे. दोन्ही खेपांना लागला नाही, तर फेरा खरोखर थांबला आहे. जिवंत गोष्टीची प्रकृती तिच्या आकारात नसते, तिच्या दिशेत असते. आणि दिशा कळायला निदान दोन टिंबे लागतात.

माणसाला हा धडा शास्त्रातही उशिराच मिळाला. सन १६७२ मध्ये हॉलंडच्या रेनिए द ग्राफने या पुटिकांचे वर्णन केले. पण तो अख्खा फुगवटाच अंडे आहे, असे त्याला वाटले. खरे बीज त्याच्या आत, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढे असते, हे फॉन बेअरने १८२७ साली दाखविले. मध्ये दीडशे वर्षे गेली. पुढे १९६० साली राजाकोस्की नावाच्या संशोधकाने मारलेल्या कालवडींच्या बीजांडकोशांवरून पुटिका लाटांनी वाढतात असे अनुमान काढले, आणि त्यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. सन १९८० नंतर सोनोग्राफी गोठ्यात आली, तीच गाय जिवंतपणी रोज पाहता येऊ लागली, तेव्हा कोठे तो वाद मिटला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक लागली. व्यालेली गाय उपाशी राहिली, तिच्या दुधाला पुरेसे पोटात गेले नाही, तर तिचा माज थांबतो. डोंगराकडच्या गायींचे बीजांडकोश वैशाखात पावट्याच्या दाण्यासारखे लहान आणि गुळगुळीत लागतात. पाऊस पडून गवत झाले की त्यांतल्या कितीतरी गायी आपोआप माजावर येतात. माज नसलेल्या अशा गायींच्या आतही बहुधा सारे स्तब्ध नसते. पुटिकांच्या लाटा उठतच असतात, एखादी थोरली होते, फुटण्याइतके बळ तिला मिळत नाही, ती जिरते, दुसरी उठते. बाहेरून पाहणारा म्हणतो, गाय बंद पडली. आत प्रयत्न चाललेलाच असतो. पुटिका वाढीला लागल्यापासून पक्व होईपर्यंत काही महिने जातात. तेव्हा आज दिसणारे दुबळेपण हे पुष्कळदा मागच्या हंगामातल्या उपासाचे असते.

माज येतच नव्हता हे तरी मी कशावरून म्हणत होतो? माज टिकतो बारा ते अठरा तास, कधी त्याहूनही कमी. आणि कितीदा तो रात्री किंवा पहाटे येतो. काही गायींचा तर मुका माज असतो; ती हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत बिबट्याची दहशत अशी की दिवस मावळला की गोठ्याचे दार लावून घ्यायचे, ते उजाडल्याशिवाय उघडायचे नाही. उसातून तो केव्हा येईल याचा नेम नसतो. त्या बंद दाराआड चांदणीने एखाद्या रात्री माज दाखविला असेल, तर पाहायला कोण होते? 'माज आला नाही' आणि 'माज मला दिसला नाही' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! मी पहिले वाक्य बोललो. मला ठाऊक होते ते फक्त दुसरे.

आपल्या भाषेने हे अंतर फार पूर्वी ओळखलेले दिसते. तिच्यात दोन शब्द आहेत. भाकड म्हणजे सध्या दूध न देणारी. हा शब्द काळाचा आहे, आज लागतो आणि उद्या सुटतो. वांझ हा शब्द निकालाचा आहे. तो एकदा लागला की सुटत नाही. चांदणी भाकड होती, हे खरे. ती वांझ आहे, हे मी ठरविले.

हे सारे मी माझ्या एका स्नेह्यांना सांगितले. ते म्हणाले, "अहो, मग तुमच्या या शास्त्रातून उलटच निघतं. निसर्ग स्वतःच एकाला निवडतो आणि बाकीच्यांना वाळवतो. आपण तेच केलं तर काय बिघडलं?" बोलणे वरकरणी बिनतोड होते. परंतु निसर्ग निवडतो कसा, तेही पाहिले पाहिजे. जी पुटिका पुढे थोरली होते, ती इतरांपेक्षा सरासरी सहा-सात तास आधी उठलेली असते, एवढाच तिचा मोठेपणा. संशोधकांनी ऐन वेळी ती थोरली पुटिका नष्ट करून पाहिली, तेव्हा मागे पडलेली दुसरी पुढे सरली आणि थोरली झाली. ती कमअस्सल असती, तर तिला हे साधले नसते. शिवाय निसर्ग निवड करतो, पण नाव ठेवीत नाही. सुकलेल्या पुटिकेला तो नालायक म्हणत नाही. तो आग्रह आपला. वर्गात वीस वर्षे उभा राहून मी मुलांचे निकाल लावीत आलो. सहा तास उशिरा उठलेल्यांची नावे माझ्या हातून किती वेळा तांबड्या शाईत गेली, हे आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

तथापि दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. निकाल लावणे सर्वस्वी टाळता येत नाही, आणि काही निकाल खरेही असतात. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड शंभरांत नव्वदांहून अधिक वेळा वांझच निघते. तिला दहादा तपासले तरी त्यात बदल होत नाही. संकरित गाय हिरवा-कोरडा मिळून दिवसाला वीस-पंचवीस किलो चारा खाते. राज्यात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आहे, २०१५ साली ती बैलांनाही लागू झाली. पण भाकड गायीच्या पुढ्यात चारा कोणी टाकायचा, हे कायद्यात लिहिलेले नाही. तो भार ज्याच्या दावणीला गाय आहे, त्याच्याच खांद्यावर राहतो. दोन एकरवाल्या शेतकऱ्याने भाकड गाय विकली, तर शहरात बसून त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. मी तरी म्हणणार नाही. पैशांची नड खरी होती, तेव्हा गाय विकली यातही मी स्वतःला फारसा दोष देत नाही.

मी दोष देतो तो दुसऱ्याच गोष्टीला. 'मला पैशांची नड आहे, मला थांबता येत नाही' असे मी म्हणायला हवे होते. ते खरे होते. त्याऐवजी मी म्हणालो, 'गाय वांझ आहे.' माझी अडचण मी तिच्या अंगावर घातली. आपली घाई दुसऱ्याचा दोष म्हणून सांगण्याची ही सोय माणसाला फार आवडते, कारण मग मन खात नाही. थांबण्याची ऐपत नसणे हे पाप नव्हे. पण ज्याला थांबता येत नाही त्याने निकालही सांगू नये. 'मी पुन्हा पाहिले नाही' एवढे सांगावे आणि ते ओझे स्वतःच्या शिरावर ठेवावे.

आता आत्याविषयी. लग्नानंतर सहा वर्षांनी, मूल होत नाही म्हणून, तिला सासरच्यांनी आमच्याकडे आणून सोडले. ती गोष्ट माझ्या जन्माआधीची. तिच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले. पुढे त्याला मूल झाले की नाही, हे आमच्या घरात कोणी बोलत नसे. मोठेपणी मला बाहेरून कळले, की त्यालाही झाले नाही. तिच्यावर जो शब्द लागला तो मात्र तसाच राहिला. हळदीकुंकवाला तिला बोलावणे येत नसे. बारशाला ती जात नसे. आणि गोठ्यातली गुरे तिने आयुष्यभर पोरांसारखी सांभाळली, मलाही सांभाळले. चांदणीला निदान एकदा तरी हात लावून पाहायला कोणी आले होते. आत्याला तपासायला पहिल्या खेपेलासुद्धा कोणी आले नव्हते. आणि तिच्यासमोर, तिच्याच ओट्याशी उभे राहून, तिने वाढविलेल्या पोराने तो शब्द उच्चारला होता.

डॉक्टरांकडून परत आल्यावर मी तिला म्हणालो, "आत्या, माझं चुकलं. दहा दिवस थांबायला हवं होतं."

ती म्हणाली, "थांबून गाभण राहिलीच असती, असं कुठं आहे?"

"नसतीही राहिली."

"मग तेवढंच म्हणायचं होतंस," ती म्हणाली, आणि गुरांना वैरण टाकायला उठली.

माझ्या सगळ्या विचाराचे सार तिने एका वाक्यात सांगून टाकले होते. चांदणीच्या पोटातली ती पुटिका चढती होती की उतरती, हे मला आता कधीच कळणार नाही. बाजारात तिला कोणी घेतले, पावसाळ्यात हिरवे खाऊन ती माजावर आली का, तिला कालवड झाली का, हेही कळणार नाही. चांगल्याची कल्पना करून मनाची समजूत घालावी, असे कधी वाटते. पण तोही पुन्हा न पाहता लावलेला निकालच होईल.

आमच्या गोठ्यात आता दोन गायी आहेत. डॉक्टर येऊन गेले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी त्या तारखेवर खूण करतो आणि पुढे अकरा दिवस मोजून दुसरी खूण करतो. वसुबारसेला निरांजन दोघींपुढे फिरते, मग वासरू एकीलाच असो. आत्याला आता नीट दिसत नाही. डॉक्टरांची मोटरसायकल फाटकाबाहेर पडल्याचा आवाज झाला, की ती आतून एवढेच विचारते, "दुसरी तारीख मांडलीस का रे?"